म्हाताऱ्या विमानांची चंदी

घोडा विकत घेणारे पुष्कळ असतात. त्याची चंदी पुरवताना मात्र भल्याभल्यांच्या तोंडचे पाणी पळते. विमानाचीही गोष्ट अशीच आहे, असे मी म्हटले तर वाचक कदाचित हसतील. विमान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शेकडो माणसे पोटात घेऊन ढगांवरून जाणारे अवाढव्य यान उभे राहते. ते श्रीमंतांच्या घरचे हत्ती झाले. पण जगात दुसरीही विमाने आहेत. दोन किंवा चार माणसे बसतील एवढी, पुढे एक पंखा असलेली, आणि वयाने पन्नास, साठ, सत्तर वर्षांची. अमेरिकेत असे एखादे जुने सेस्ना विमान चांगल्याशा मोटारीच्या किमतीत मिळते. शेतकरी, मेकॅनिक, शाळामास्तर अशी साधी माणसेही ते बाळगून असतात. त्यांची खरी कसोटी विमान घेताना लागत नाही, ती पुढे लागते.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मुलांना शिकवणारा आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा मनुष्य आहे. स्वतःचे विमान बाळगण्याचा योग माझ्या पत्रिकेत नाही. पण या छोट्या विमानांच्या चंदीचा इतिहास वाचू लागलो आणि हातातले प्रकरण अर्धवट राहिले. मोठ्यांच्या भुकेसाठी शिजवलेले अन्न लहानांच्या पानात कसे येऊन पडले आणि त्याचे पैसे कोणी मोजले, याची ती कहाणी आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर ती वाचायला हरकत नाही.

आरंभी सगळे साधे होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन पुस मॉथ जातीच्या एका छोट्या विमानातून निघाले आणि मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. वाटेत अहमदाबादला त्यांनी पेट्रोल घेतले. ते पेट्रोल विमानापाशी आले बैलगाडीतून, चार-चार गॅलनांच्या डब्यांत! टाटांच्या हवाई टपालाची सुरुवात अशी बैलाच्या खांद्यावरून झाली. त्या विमानाचे इंजिन १२० अश्वशक्तीचे होते आणि त्याच्या खाण्यापिण्याच्या आवडीनिवडीही फारशा नव्हत्या. चंदी मिळाली की घोडा चालला, असा तो काळ.

पण त्याआधी दहा-अकरा वर्षे अमेरिकेत एक गोष्ट घडून गेली होती, आणि पुढचे सारे रामायण तिच्यातून झाले.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या वर येतो, पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दाबतो, आणि ठिणगी पडून ते पेटते. मिश्रण जितके अधिक दाबावे तितके त्यातून अधिक काम निघते. पण दाब एका मर्यादेपलीकडे गेला की, ज्योत पसरत पसरत जाण्याऐवजी उरलेले मिश्रण एकदम भडकते आणि इंजिन आतून हातोडी मारल्यासारखे ठोके देऊ लागते. मोटारीत असे ठोके पडले तर मालक वैतागतो. विमानात पडले तर दट्ट्याला भोक पडून मालक खाली येतो. पेट्रोलची हे ठोके न देता दाब सोसण्याची जी शक्ती, तिच्या मापाला ऑक्टेन म्हणतात.

ओहायो प्रांतातल्या डेटन गावी जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली नावाचा इंजिनिअर या ठोक्यांवर औषध शोधत होता. ९ डिसेंबर १९२१ रोजी ते सापडले. टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक संयुग. गॅलनभर पेट्रोलात ते चहाचा एक चमचासुद्धा भरेल इतके लागत नसे, आणि ठोके बंद! नवल असे की दुसरे एक औषध मिजलीला ठाऊक होते. पेट्रोलात मद्यार्क मिसळला तरी ठोके थांबतात, हे त्याने स्वतः पडताळून पाहिले होते. पण मद्यार्क पुष्कळ मिसळावा लागतो, आणि तो कोणीही गाळू शकतो; त्यावर एका कंपनीला हक्क सांगता येत नाही. शिशाच्या औषधावर सांगता येत होता. १९२३ च्या फेब्रुवारीत डेटनमध्येच त्याची विक्री सुरू झाली. पुढे कंपनी निघाली तिचे नाव ठेवले ‘एथिल’. नावात शिसे कोठेही नव्हते.

शिसे हे विष आहे, हे त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. १९२३ च्या आरंभी खुद्द मिजलीलाच शिशाची बाधा झाली आणि हवापालटासाठी फ्लोरिडाला जावे लागले. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या बेवे येथील कारखान्यात हे द्रव्य तयार करणाऱ्या कामगारांना भ्रम होऊ लागला. पाच जण दगावले, तीसहून अधिक आजारी पडले. त्यानंतर मिजलीने वार्ताहरांसमोर ते द्रव्य हातांवर ओतून घेतले आणि मिनिटभर हुंगून दाखवले. पुढच्या वर्षी मे महिन्यात वॉशिंग्टनमध्ये सरकारी परिषद भरली. हार्वर्डच्या डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी तिथे निक्षून सांगितले की हे विष रस्त्यारस्त्यांतून धुरावाटे पसरेल. त्यांचे ऐकून घेण्यात आले, आणि वर्षभराने विक्री पुन्हा सुरू झाली. परिषदा भरवण्याचा हा एक उपयोग आहेच.

मोटारींसाठी निघालेले हे औषध विमानांना मानवले, किंबहुना त्यांचे भाग्यच त्याने उघडले. १९३० च्या सुमारास जेम्स डूलिटल हा नामांकित वैमानिक शेल कंपनीत नोकरीला लागला. शंभर ऑक्टेनचे पेट्रोल तयार करण्याची सोय आताच करून ठेवा, असा त्याने कंपनीपाशी आग्रह धरला. तेव्हा या पेट्रोलला गिऱ्हाईक जवळजवळ नव्हते. गिऱ्हाईक नाही म्हणून इंधन नाही, आणि इंधन नाही म्हणून तसले इंजिन नाही, असा तो घोळ होता. डूलिटलने तो एका टोकाने सोडवला. १९३४ पासून हे पेट्रोल अमेरिकेच्या लष्कराकडे जाऊ लागले, आणि १९४० मध्ये इंग्लंडच्या आकाशात स्पिटफायर विमाने लढली ती शंभर ऑक्टेनवर. त्याच्या जोरावर त्यांच्या इंजिनांत अधिक दाब देता आला आणि ऐन झुंजीत अधिक ताकद मिळाली. हाच डूलिटल पुढे १९४२ च्या एप्रिलात टोकियोवर विमाने घेऊन गेला. शिशाने ते युद्ध जिंकून द्यायला मदत केली, हे नाकारता येणार नाही. इतिहासात उपकार आणि अपकार पुष्कळदा एकाच डब्यातून येतात.

युद्ध संपले आणि विमानतळांवर रंगीत पेट्रोलांची जणू रांगोळी मांडली गेली. ८०/८७ चे लाल, ९१/९६ चे निळे, १००/१३० चे हिरवे आणि ११५/१४५ चे जांभळे. रंग अशासाठी की भलत्या विमानात भलते पेट्रोल पडू नये. जांभळे आणि हिरवे होते ते मोठ्या प्रवासी आणि लष्करी विमानांचे. लाल पेट्रोल गरिबांचे. त्यात शिसे थोडे असे, लिटरमागे जास्तीत जास्त ०.१४ ग्रॅम.

या लाल पेट्रोलवर एक अख्खी पिढी उडायला शिकली. पायपर कब नावाचे पिवळे विमान १९३८ ते १९४७ या काळात सुमारे वीस हजार बनले. इंजिन ६५ अश्वशक्तीचे, ७३ ऑक्टेनवरही समाधान मानणारे. तासाला पंधरा-सोळा लिटर पेट्रोल पिऊन ते गुमान चाले. टाकीत किती पेट्रोल उरले हे कळण्यासाठी त्यात बुचाच्या लाकडाचा एक तरंगता गोळा आणि त्याला लावलेली तार असे. पेट्रोल कमी होई तशी वैमानिकाच्या डोळ्यांसमोरची तार खाली जाई. यापेक्षा प्रामाणिक हिशेबनीस मी तरी ऐकलेला नाही. आपल्याकडे बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने बांधलेले ‘पुष्पक’ १९५८ मध्ये पहिल्यांदा उडाले, तेही याच कुळीतले. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड, आणि पुढे ९० अश्वशक्तीचे इंजिन. दीडशेच्या घरात पुष्पके बनली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत कित्येक तरुण त्यांवर हात बसवून वैमानिक झाले.

मग जेट विमान आले. त्याला पेट्रोल नको, रॉकेलच्या जातीचे तेल हवे. १९६० नंतर मोठी प्रवासी विमाने एकेक करून पेट्रोल सोडून गेली. वाड्यातली मोठी बिऱ्हाडे उठून गेली म्हणजे वाणीही सामान कमी ठेवतो. तेल कंपन्यांना आता चार रंगांची पेट्रोले, चार टाक्या, चार पंप परवडेनात. म्हणून १९७०च्या दशकात तोडगा निघाला की सगळ्यांना मिळून एकच पेट्रोल द्यावे. ते असे हवे होते की उरलेल्यांतले सर्वांत बलवान इंजिनही त्यावर बिनधोक चालेल. त्याचे नाव ‘१०० एलएल’, म्हणजे शंभर ऑक्टेनचे, कमी शिशाचे. त्याला रंग दिला निळा.

या ‘कमी’ शब्दापाशी वाचकांनी क्षणभर थांबावे. जुन्या हिरव्या पेट्रोलात लिटरमागे १.१२ ग्रॅमपर्यंत शिसे असे. नव्या निळ्यात ते ०.५६ ग्रॅमवर आले. मोठ्या इंजिनांच्या दृष्टीने ते निम्मे झाले, हे खरे. पण लाल पेट्रोल पिणाऱ्या छोट्या इंजिनाला तेच चौपट झाले! ज्याला शिशाची गरज जवळजवळ नव्हती, त्याच्या पानात चौपट शिसे वाढून वर ‘कमी’ असे लिहिले. शब्दांचे आणि आकड्यांचे असे साटेलोटे मी कादंबरीतही सहसा करू धजलो नसतो.

परिणाम व्हायचे ते झाले. शिसे सिलिंडरमध्ये साचू नये म्हणून पेट्रोलात एक ब्रोमीनयुक्त द्रव्य घालतात. त्याच्या योगाने शिसे धुरावाटे बाहेर पडते. पण त्यासाठी इंजिन चांगले तापलेले लागते. छोटी इंजिने बेताने तापतात. मग शिशाचे बारीक मणी प्लगांत अडकतात, ठिणगी पडत नाही, झडपा चिकटतात आणि तेल चिखलासारखे होते. मालक बिचारा दर काही तासांनी प्लग उघडून, टोकदार हत्याराने दात कोरल्यासारखे शिसे कोरत बसतो. सेस्ना कंपनीने तर १९७७ मध्ये आपले लोकप्रिय १५० विमान बंद करून १५२ काढले. त्यात अधिक दाबाचे, निळे पेट्रोल पचवणारे इंजिन बसवले. घोड्याला चंदी सोसेना म्हणून कारखान्याने घोडाच बदलला. पण आधी विकलेल्या वीस हजारांहून अधिक घोड्यांचे काय?

आता थोडे गणित मांडू. मास्तराला त्यावाचून चैन पडत नाही. जुने सेस्ना १५० तासाला साधारण सहा अमेरिकन गॅलन, म्हणजे तेवीस लिटरच्या आसपास पेट्रोल खाते. विमानी पेट्रोल आणि मोटारीचे पेट्रोल यांच्या भावात गॅलनमागे दीड डॉलरचा फरक आहे असे धरू. तर तासाला नऊ डॉलर वाचतात. वर्षाला शंभर तास उडणाऱ्याचे नऊशे. या इंजिनाची दुरुस्तीवाचून चालण्याची मुदत १,८०० तासांची मानतात. तेवढ्या तासांत १६,२०० डॉलर वाचतील, आणि इंजिन नव्याने बांधून घेण्याच्या खर्चाचा मोठा वाटा त्यातून निघेल. मात्र जो वर्षाला वीसच तास उडतो त्याचे एकशेऐंशी डॉलर वाचतात, आणि विमानाच्या शेडचे भाडे, विमा, वार्षिक तपासणी हे खर्च त्याला तेवढेच पडतात. शिवाय न उडणाऱ्या इंजिनाला आतून गंज चढतो तो वेगळाच. तात्पर्य, उडत राहणाऱ्यालाच स्वस्त चंदीचा लाभ. बांधून ठेवलेला घोडा काहीही घातले तरी महागच.

मोटारीचे पेट्रोल विमानात चालेल का, हा प्रश्न त्यामुळे साध्या मालकांनीच विचारला. पॉल पोबरेझ्नी यांनी १९५३ मध्ये स्थापन केलेल्या हौशी वैमानिकांच्या संघटनेने सेस्ना १५० वर दीर्घ चाचण्या घेतल्या आणि १९८२ मध्ये सरकारची मंजुरी मिळवली. पुढे नेब्रास्कातल्या एका छोट्या कंपनीनेही अनेक जातींच्या विमानांसाठी तशा मंजुऱ्या घेतल्या. कागद घ्यायचा, त्याची फी इंजिनाच्या अश्वशक्तीवर ठरलेली, टाकीवर चिठ्ठी चिकटवायची, की जुन्या इंजिनाला त्याची जुनी, सौम्य चंदी परत मिळाली. प्लग स्वच्छ, तेल स्वच्छ, खिसाही थोडा जड.

पण काळाने इथे मोठा विनोद केला. १९२१ मध्ये बाजूला सारलेला मद्यार्क मोटारीच्या पेट्रोलात परत आला. ऊस-मक्यापासून तो गाळायचा आणि परदेशी तेल वाचवायचे, हे आता अनेक देशांचे धोरण आहे. ऊस पिकवणाऱ्या आपल्या महाराष्ट्राला ते निराळे समजावून सांगायला नको. मोटारींसाठी तो ठीक असेल. सत्तर वर्षांच्या विमानात मात्र तो रबरी सील आणि जुन्या टाक्यांचे लेप खराब करतो. तो पाणी शोषून घेतो आणि उंचावर गारठा लागला की पाण्यासह पेट्रोलपासून वेगळा होतो. म्हणून अमेरिकेतल्या त्या मंजुऱ्यांची पहिली अट हीच की पेट्रोलात मद्यार्क नको. त्याची परीक्षा इतकी सोपी आहे की शाळेत करून दाखवावी. काचेच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचे, वर पेट्रोल ओतायचे, हलवायचे आणि स्थिर होऊ द्यायचे. पाण्याची रेघ खुणेच्या वर चढली तर मद्यार्क पाण्यात उतरला असे समजावे. जुन्या विमानाचे मालक पंपावर ही नळी घेऊन जातात.

एवढे सारे असले तरी हा प्रश्न नुसता मालकाच्या खिशाचा असता तर त्यावर मी लेखणी झिजवली नसती. शिसे प्लगमधून सुटते ते धुरातून हवेत जाते, आणि विमानतळाच्या कुंपणापलीकडे घरे असतात. अमेरिकेने रस्त्यावरचे शिशाचे पेट्रोल १९९६ मध्ये पुरते बंद केले, आपण २००० मध्ये, आणि जगात सर्वांत शेवटी अल्जीरियाने २०२१ मध्ये. विमानांचे मात्र चालूच राहिले. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात रीड-हिलव्ह्यू नावाचा छोटा विमानतळ आहे. त्याच्या अर्ध्या मैलाच्या आतल्या मुलांच्या रक्तात दूरच्या मुलांपेक्षा अधिक शिसे आढळले. तेव्हा तिथल्या स्थानिक सरकारने १ जानेवारी २०२२ पासून शिशाच्या पेट्रोलाची विक्री बंद केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने रीतसर निर्णय दिला की या विमानांचे शिसे लोकांच्या आरोग्याला धोका आहे. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांचे म्हणणे दप्तरी दाखल व्हायला अठ्ठ्याण्णव वर्षे लागली. वर्गात समोर बसलेल्या मुलांकडे पाहताना मला हा आकडा फार मोठा वाटतो. शिशाने मुलांची बुद्धी आणि एकाग्रता खुंटते. आणि त्या मुलांना नापास करण्याचे काम आम्हा मास्तरांकडे येते.

मग हे थांबत का नाही? अडचण खरी आहे. अमेरिकेतल्या छोट्या विमानांपैकी साधारण तीस टक्केच विमानांना खरोखर शंभर ऑक्टेन लागते, पण ती मोठी, कामकरी विमाने आहेत आणि एकूण पेट्रोलापैकी सुमारे सत्तर टक्के तीच पितात. त्यांना कमी ऑक्टेन दिले तर इंजिन हवेत फुटायचे. म्हणून सगळे जण एकाच चमत्काराची वाट पाहत राहिले, की शिसे नसलेले पण सर्वांना चालणारे पेट्रोल निघावे. २०२२ च्या सप्टेंबरात ओक्लाहोमातल्या एका कंपनीच्या तसल्या पेट्रोलला सरकारी मंजुरी मिळाली. पण ते विमानाच्या रंगाला आणि टाकीच्या लेपाला कितपत मानवते, यावरून वाद पेटला. अमेरिकेने शिसे संपवण्यासाठी २०३० हे वर्ष ठरवले आहे. आपल्याकडे इंडियन ऑइलने २०२२ मध्ये बडोद्याच्या कारखान्यात विमानी पेट्रोल तयार करायला आरंभ केला. त्यापूर्वी ते परदेशातून आणावे लागे. २०२३ च्या जानेवारीत उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून ते थेट पापुआ न्यू गिनीला रवाना झाले. आनंदाची गोष्ट आहे. फक्त तेही ‘१०० एलएल’च, म्हणजे शिशाचेच आहे.

या सगळ्यांत मला शहाणपणा दिसला तो स्वीडनमध्ये. तिथल्या हेल्मको नावाच्या एका लहान कंपनीने चमत्काराची वाट पाहिली नाही. ज्यांना शंभर ऑक्टेन लागत नाही त्यांना तरी बिनशिशाचे देऊ, असे म्हणून तिने १९९१ मध्ये ९१/९६ चे बिनशिशाचे विमानी पेट्रोल बाजारात आणले, आणि कित्येक इंजिने त्यावर निर्वेध चालली. विमानतळावर दुसरी टाकी ठेवायला खर्च येतो, हे खरे. पण एकच टाकी ठेवण्याचाही खर्च येतच होता. तो प्लग कोरणाऱ्या मालकाच्या आणि कुंपणापलीकडच्या पोरांच्या खात्यावर मांडलेला होता, म्हणून कंपनीच्या वहीत दिसत नव्हता, इतकेच.

आपल्याकडे गोठ्यातल्या गड्याला कोणी रसायनशास्त्र शिकवत नाही. तरी दुभत्या म्हशीपुढे तो सरकी-पेंड ठेवतो, बैलापुढे कडबा टाकतो आणि वासराला कोवळे गवत घालतो. सगळ्यांना एकच घमेले लावले तर त्याचे काम निम्म्याने कमी होईल, हे त्यालाही कळते. पण वासरू मरेल, हेही कळते. म्हाताऱ्या विमानांच्या चंदीचा प्रश्न शेवटी एवढाच आहे.